निद्राकर गोळ्या : सेवन, सवय आणि क्रमशः त्याग

प्रास्ताविक

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपण सर्व जाणतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सुख व दुःख, पुष्टी व कृशता, बल व दौर्बल्य, ज्ञान व अज्ञान, किंबहुना जीवित व मरण हेही निद्रेच्या अधीन असल्याचे सांगितले आहे. या उपस्तंभाला तडा गेला की रुग्ण प्रथम जवळच्या औषधालयाची पायरी चढतो. आपल्या चिकित्सालयात तो येतो तेव्हा पुष्कळदा काही वर्षे उलटलेली असतात आणि गोळी अंगवळणी पडलेली असते. ‘वैद्यराज, झोपेची गोळी सुटत नाही, आपल्या औषधाने सोडवा,’ ही विनंती आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली असेल.

या विनंतीला आपण काय उत्तर देतो, यावर त्या रुग्णाचे पुढील काही महिने, प्रसंगी त्याचा जीवही, अवलंबून असतो. म्हणून या गोळ्यांचे गुणदोष, त्यांची सवय लागण्याची प्रक्रिया आणि त्या सोडविण्याचा सुरक्षित मार्ग यांचा विचार येथे केला आहे. वैद्यबांधवांइतकाच तो औषधविक्रेत्यांसाठीही आहे. कारण या साखळीचा एक दुवा त्यांच्या काउंटरवर असतो.

एक अनुभव

आमच्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग प्रथम सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. साठीच्या आसपासच्या एक भगिनी अनिद्रेसाठी आमच्याकडे आल्या. पतीच्या निधनानंतर त्यांना अल्प्राझोलामची पाव मि.ग्रॅ.ची गोळी रात्री एक, अशी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली होती. त्याच चिठ्ठीवर त्यांनी सहा-सात वर्षे गोळ्या आणल्या. मात्रा आपोआप वाढत सकाळी अर्धा व रात्री एक मि.ग्रॅ. इथपर्यंत गेली होती. त्यांच्या हातातील चिठ्ठी घड्यांवर फाटून चिकटपट्टीने जोडलेली होती.

आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘हे विष आजपासून बंद. आमचे औषध घ्या, आठ दिवसांत फरक पडेल.’ ब्राह्मी, जटामांसी, रात्री पादाभ्यंग अशी योजना करून त्यांना घरी पाठविले. दुसऱ्या दिवशी हातांना कंप सुटला, घाम फुटू लागला, रात्रभर डोळा लागला नाही. ‘शोधन होत आहे, घाबरू नका,’ असे आम्ही दूरध्वनीवरून कळविले. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात त्यांना आकडी आली. ओट्याची कड लागून कपाळ फुटले. रुग्णालयात दाखल केल्यावर तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कोणती गोळी अचानक बंद केली का?’

त्या भगिनी बऱ्या झाल्या. त्यांच्या चिरंजीवांनी आम्हांला दोष दिला नाही. ‘बंद करायला सांगताना असे होऊ शकते, हे तुम्हांला माहीत होते का?’ एवढेच विचारले. आम्हांला ते माहीत नव्हते. हा लेख त्या प्रश्नाच्या ऋणातून लिहिला आहे.

ऐतिहासिक आढावा

निद्राकर औषधांच्या इतिहासात एक सूत्र सातत्याने दिसते. प्रत्येक नवे औषध आधीच्यापेक्षा निर्धोक म्हणून आले आणि त्याचे दोष पुढील पिढीच्या पदरी पडले.

क्लोरल हायड्रेटचा निद्राकर म्हणून वापर १८६९ पासून सुरू झाला. १९०३ मध्ये बार्बिटाल व १९१२ मध्ये फिनोबार्बिटाल ही बार्बिट्युरेट वर्गातील औषधे बाजारात आली. त्यांची उपयुक्त मात्रा व मारक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने विषबाधेचे अनेक मृत्यू घडले. त्यांना पर्याय म्हणून १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड आले. ते इतके निरुपद्रवी समजले गेले, की तेथे ते चिठ्ठीशिवायही मिळे. गर्भिणींनी ते घेतल्याने हजारो बालके हातापायांच्या विकृतीसह जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. मेथाक्वालोन हे द्रव्य तर १९५१ मध्ये आपल्याच देशात, हिवतापावरील औषधाच्या शोधात, प्रथम तयार झाले. पुढे मँड्रॅक्स या नावाने ते व्यसनाचे साधन ठरले.

१९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ मध्ये डायझेपाम आले आणि बेन्झोडायझेपिन वर्गाचे युग सुरू झाले. एकट्याने घेतल्यास प्राणघातक ठरण्याचा संभव बार्बिट्युरेटपेक्षा पुष्कळ कमी, हा त्यांचा खरा गुण होता. परंतु सवय लागते आणि अचानक सोडल्यास घोर लक्षणे उद्भवतात, हा दोष सर्वत्र मान्य होण्यास दोन दशके जावी लागली. झोल्पिडेमसारखी त्यानंतरची औषधेही ‘सवय न लावणारी’ म्हणूनच आली होती. तीही सवय लावतात, हे आता सिद्ध आहे.

कार्य कसे होते?

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक नैसर्गिक द्रव्य असते. चेतापेशींची उत्तेजना आवरणे हे त्याचे कार्य. बेन्झोडायझेपिन व झोल्पिडेम ही औषधे त्याच्या ग्राहकांना चिकटून ही आवरण्याची क्रिया वाढवितात. परिणामतः चिंता कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते व आकडी थांबते.

औषध रोज येऊ लागले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. ग्राहकांची संवेदनशीलता घटते आणि उत्तेजक यंत्रणा प्रबळ होते. यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, तीच मात्रा काही आठवड्यांत अपुरी पडू लागते. दोन, औषध अचानक काढून घेतल्यास प्रबळ झालेली उत्तेजना मोकाट सुटते. लगाम ओढून धरल्यामुळेच घोडा आवरलेला असावा आणि तो लगाम एकाएकी सोडावा, तशी ही स्थिती होते. म्हणूनच अनिद्रेसाठी ही औषधे दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत, असा आधुनिक वैद्यकाचाही दंडक आहे.

ही निद्रा गुणानेही नैसर्गिक निद्रेसारखी नसते. बेन्झोडायझेपिनमुळे गाढ झोपेचा व स्वप्नांच्या झोपेचा अंश घटतो. निद्रेच्या प्रकारांत चरकांनी जिला रात्रिस्वभावप्रभवा म्हणून गौरविले आहे, ती ही नव्हे. घड्याळाच्या हिशेबाने सात तास झोपूनही ‘ताजेतवाने वाटत नाही’ असे रुग्ण का म्हणतो, याचा एक खुलासा येथे मिळतो.

गोळ्यांच्या शरीरातील वास्तव्याचा काळ ठाऊक असणेही अगत्याचे आहे. औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास झोल्पिडेमला सुमारे अडीच तास, अल्प्राझोलामला सुमारे अकरा तास, लोराझेपामला दहा ते वीस तास, तर क्लोनाझेपामला साधारण तीस ते चाळीस तास लागतात. डायझेपामपासून शरीरात तयार होणारे कार्यकारी द्रव्य याहून अधिक, कधीकधी शंभर तासांपर्यंत टिकते. अल्प्राझोलाम बंद केल्यास एक-दोन दिवसांतच लक्षणे दिसतात. डायझेपाम बंद केल्यावर मात्र चार-पाच दिवस काहीच न होता नंतर ती उमटू शकतात. ‘आठवडा झाला, काही झाले नाही’ यावर विसंबू नये.

‘अर्ध्या मि.ग्रॅ.ची तर गोळी, ती कितीशी?’ हा समजही चुकीचा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविणाऱ्या प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांच्या कोष्टकानुसार अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अर्धा मि.ग्रॅ. हे सुमारे दहा मि.ग्रॅ. डायझेपामच्या तोडीचे आहे. त्या हिशेबाने उपरोक्त भगिनी रोज तीस मि.ग्रॅ. डायझेपामइतके औषध घेत होत्या.

प्रमुख धोके

१. पडणे व अस्थिभंग : वृद्ध रुग्ण रात्री लघवीसाठी उठतो, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. अमेरिकेतील वार्धक्यचिकित्सकांच्या संस्थेने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना ही औषधे शक्यतो देऊ नयेत, असेच सांगितले आहे.

२. स्मृती व बुद्धी : गोळी घेतल्यानंतरच्या घटना न आठवणे, विसरभोळेपणा व मंदता. वृद्धांमध्ये याला वार्धक्यजन्य स्मृतिभ्रंश समजण्याची चूक होते.

३. वाहन चालविणे : गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची मात्रा दहावरून पाच मि.ग्रॅ.वर आणली.

४. झोपेतील वर्तन : झोल्पिडेम व त्याच्या वर्गातील औषधे घेऊन झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, वाहन चालविणे असे प्रकार घडून जखमा व मृत्यू झाल्याने एप्रिल २०१९ मध्ये त्याच प्रशासनाने त्यांवर सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश दिला.

५. श्वसनाचा अवरोध : मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामके यांच्यासह घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. या संयोगाविषयीचा इशारा २०१६ चा आहे. ट्रॅमाडोल व कोडीनयुक्त खोकल्याचे औषध याच वर्गात येते, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे. स्थूल, मोठ्याने घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णाचा श्वास झोपेत मुळातच अडत असतो. त्याला कोणतेही शामक देण्यापूर्वी झोपेची तपासणी करून घ्यावी.

६. औषधांचा परस्परसंयोग : गजकर्णासाठी सर्रास दिले जाणारे इट्राकोनाझोल व कीटोकोनाझोल ही औषधे अल्प्राझोलामचे विघटन रोखतात. हा संयोग वर्ज्य आहे.

७. अवलंबन : दुरुपयोग, अवलंबन व त्यागजन्य लक्षणे यांविषयीचा ठळक इशारा सर्व बेन्झोडायझेपिनवर छापण्याचे अमेरिकी प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये ठरविले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत नियमाने घेणाऱ्यालाही अवलंबन होते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. न थांबणारी आकडी, मद्यत्यागातील उन्माद, शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी, तीव्र भयाचा झटका अशा प्रसंगी याच औषधांनी असंख्य जीव वाचले आहेत. क्लोनाझेपाम हे अपस्मारावरील औषधही आहे. रुग्ण ‘झोपेची गोळी’ म्हणून दाखवितो ती प्रत्यक्षात आकडीसाठी दिलेली असू शकते. म्हणून निंदा औषधाची करू नये. अकारण व दीर्घकाळ वापराची करावी.

त्यागजन्य लक्षणे

अनिद्रा पूर्वीपेक्षा तीव्र होणे, अस्वस्थता, कंप, स्वेद, हृद्द्रव, स्नायूंत ओढ, प्रकाश व आवाज सहन न होणे, मळमळ ही सामान्य लक्षणे होत. भ्रम, नसलेले दिसणे वा ऐकू येणे आणि आकडी ही घोर लक्षणे होत. पहिल्या गटातील लक्षणे वातप्रकोपासारखी दिसतात आणि तेथेच आपली फसगत होते. त्यांना शोधनाची चिन्हे किंवा मूळ अनिद्रेचे पुनरागमन समजून आपण धीर देत बसतो व मोलाचा काळ दवडतो. गोळी बंद केल्यावर भ्रम झाला, आकडी आली, तीव्र ज्वर व कंप आला किंवा आत्मघाताचे विचार बोलून दाखविले, तर औषधयोजना करीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे व सोबत गोळीची पट्टी द्यावी.

पादांशिक क्रम

आमच्या हातून घडलेल्या चुकीचे शल्य अधिक अशासाठी, की तिच्यावरील उपाय आपल्याच ग्रंथांत होता. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकांनी अंगवळणी पडलेल्या अहिताचा त्याग क्रमाने करावा असे सांगून पादांशिक क्रम वर्णिला आहे. अष्टांगहृदयातही सूत्रस्थानाच्या सातव्याच अध्यायात वाग्भटांनी अभ्यस्त अपथ्य पादाने, म्हणजे चतुर्थांशाने, किंवा पादपादाने, म्हणजे षोडशांशाने सोडावे असे म्हटले आहे. सात्म्य झालेली गोष्ट, अपथ्य असली तरी, एकाएकी सोडल्यास विकार उत्पन्न होतो, हेही तेथे स्पष्ट आहे.

आता आधुनिक वैद्यकाचे मत पाहू. अमेरिकेतील व्यसनचिकित्सकांच्या संस्थेने अन्य संस्थांच्या सहकार्याने २०२५ मध्ये बेन्झोडायझेपिन कमी करण्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी कमी करण्याचा विचार सुरुवातीस करावा आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक घट साधारणपणे करू नये, असे सुचविले आहे. षोडशांश म्हणजे सव्वासहा टक्के व पाद म्हणजे पंचवीस टक्के. हे साम्य लक्षणीय आहे.

तथापि या साम्याने हुरळून जाऊ नये. आचार्यांसमोर आहारविहाराची सवय होती, अल्प्राझोलाम नव्हते. तत्त्व आपल्या ग्रंथांचे घ्यावे. मात्रा व अवधी यांचा निर्णय या औषधाच्या अनुभवावर आधारित ज्ञानानेच करावा. एका बाबतीत तर शब्दशः अनुसरण घातक ठरेल. ग्रंथांत एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराचा उल्लेख आहे. त्यावरून ‘एक दिवसाआड गोळी घ्या’ असा सल्ला देणे चुकीचे होय. अल्प्राझोलामसारख्या अल्पकाळ टिकणाऱ्या औषधात खाडा केलेल्या दिवशी रक्तातील प्रमाण एकदम खाली जाते व त्यागलक्षणे उसळतात. रोजची वेळ तीच ठेवून रोजची मात्रा थोडी थोडी उतरवावयाची असते.

हे काम वैद्याने एकट्याने करावयाचे नाही. गोळी लिहून देणारे डॉक्टर किंवा मानसरोगतज्ज्ञ यांनी वेळापत्रक ठरवावे. आवश्यक तेथे ते अल्पकाळ टिकणाऱ्या गोळीऐवजी डायझेपामसारखी दीर्घकाळ टिकणारी गोळी योजतात. रुग्णाच्या परवानगीने त्यांना चार ओळींचे पत्र पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही. त्रास वाढल्यास मात्रा कमी करणे काही काळ थांबवावे. काही रुग्णांना सहा महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, ज्यांची मात्रा मोठी आहे, जे मद्यही घेतात, जे अतिवृद्ध आहेत, तसेच गर्भिणी, यांच्याबाबत घरी प्रयोग मुळीच करू नये.

वैद्याचे कार्य

पहिले कार्य पृच्छेचे. कोणती गोळी, किती मि.ग्रॅ., किती वर्षे, कोणी व कशासाठी दिली, मधे वाढविली का, एखादा दिवस चुकल्यास काय होते, सोबत मद्य वा अन्य औषध आहे का, हे सात प्रश्न विचारून नोंदवावेत. पट्टी प्रत्यक्ष पाहावी. ‘छोटी पांढरी गोळी’ या वर्णनावर विसंबू नये.

दुसरे कार्य आपल्या औषधांविषयी विवेक. वनस्पती म्हणून ती निरुपद्रवी, हा समज सोडला पाहिजे. सर्पगंधेचे रक्तदाब उतरविण्याचे सामर्थ्य मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडले आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिनमुळे मन खिन्न होणे व रक्तदाब फार उतरणे हे उपद्रवही पुढे दिसून आले. सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात सर्पगंधेबरोबर खुरासनी ओवा, जटामांसी, भांग व पिंपळमूळ येतात. क्लोनाझेपाम चालू असलेल्या वृद्धाला ती वटी जोडून देणे म्हणजे एका शामकावर दुसरे शामक रचणे होय. तगर व अश्वगंधा यांच्याबाबतही तंद्रा वाढण्याचा संभव ध्यानी ठेवावा. अरिष्टांत साधारण पाच ते दहा टक्के स्वयंजात मद्यार्क असतो. वीस मि.ली. मात्रेत तो थोडाच जातो; तरीही निद्राकर गोळी चालू असता अश्वगंधारिष्ट किंवा सारस्वतारिष्टाऐवजी चूर्ण वा घृतकल्पाचा विचार करणे इष्ट.

तिसरे कार्य निद्रेच्या हेतूचा शोध. काळ, कार्य, विकार, प्रकृती व वायू ही अनिद्रेची कारणे ग्रंथोक्त आहेत. वेदना, कास, अम्लपित्त, रात्री वारंवार मूत्रप्रवृत्ती, शोक यांपैकी जे मूळ असेल त्याची चिकित्सा करावी. अभ्यंग, पादाभ्यंग, शिरोभ्यंग, शिरोधारा, अग्नी पाहून क्षीरपान आणि मनाला सुखकर विषय हे उपाय गोळी चालू असतानाही करता येतात. गोळी कमी करण्यापूर्वी दोन-तीन आठवडे त्यांची घडी बसवावी. त्यासोबत उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, दिवास्वप्न वर्ज्य करणे, दुपारनंतर चहा टाळणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे व न आल्यास उठून बसणे हे नियम पाळावेत. अशा वर्तनाधिष्ठित उपचारालाच प्रथम स्थान द्यावे, असे अमेरिकेतील चिकित्सकांच्या प्रमुख संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आहे. आपला स्वस्थवृत्ताचा विचार यापासून दूर नाही.

औषधविक्रेत्यांचे कार्य

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, मिडाझोलाम व झोल्पिडेम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ही अनुसूची ऑगस्ट २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून लागू झाली. यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व दिलेली संख्या नोंदवावी लागते. ती वही तीन वर्षे जपावी लागते. क्लोनाझेपाम व लोराझेपाम यांनाही चिठ्ठी अनिवार्य आहे, आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार ती मनःप्रभावी द्रव्ये आहेत. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे, डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. तसेच विक्रेत्याचे नाव, पत्ता व औषध दिल्याची तारीख चिठ्ठीवर नोंदवावी लागते. त्या भगिनींच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी ही नोंद झाली असती, तर ती सहा वर्षे चालली नसती.

मात्र नियम पाळताना एक माणुसकीची बाब विसरू नये. वर्षानुवर्षे ज्याला गोळी दिली, त्याला एके दिवशी ‘आता मिळणार नाही’ म्हणून परत पाठविणे हाही अचानक त्यागच होय. साठा संपण्यापूर्वी त्याला सांगावे, ‘काका, पुढच्या वेळी नवी चिठ्ठी लागेल. आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटा, गोळी मनाने बंद करू नका.’ हे दोन वाक्यांचे बोलणे एक आकडी टाळू शकते.

दुसरी सूचना भेसळीविषयी. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘स्लीपिंग बुद्धा’ या वनस्पतिज म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनात एस्टाझोलाम हे बेन्झोडायझेपिन सापडले. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम व क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आले. २०१५ मध्ये कारवाईमुळे अशी ताडी एकाएकी मिळेनाशी झाली, तेव्हा त्यागलक्षणांनी ग्रासलेले लोक रुग्णालयांत दाखल झाले. नैसर्गिक म्हणून घेतलेल्या पेयातून गोळीची सवय लागू शकते, हा त्याचा धडा. म्हणून ‘पहिल्याच रात्री हमखास झोप’ असे सांगणारे, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व तुकडी क्रमांक नसलेले चूर्ण वा वटी कोणी आणून दिली, तर ती मांडणीवर ठेवू नये. अशा एका पाकिटाने रुग्णाची हानी होते आणि सर्व आयुर्वेदाचा लौकिक डागाळतो.

उपसंहार

त्या भगिनींची गोळी पुढे सुटली. मानसरोगतज्ज्ञांनी मात्रा उतरविण्याचे वेळापत्रक आखले, आम्ही अभ्यंग, आहार व दिनचर्या सांभाळली आणि औषधविक्रेत्यांनी प्रत्येक वेळी चिठ्ठी पाहून मोजक्याच गोळ्या दिल्या. चौदा महिने लागले. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘झोप पूर्वीसारखी नाही, पण जी येते ती माझी आहे.’

रुग्ण ‘सोडवा’ म्हणतो, तेव्हा त्याला घाई असते. ती घाई वैद्याने उचलू नये. त्याग करावयाचा, पण क्रमाने. आयुर्वेदाचा अभिमान बाळगावयाचा, पण रुग्णाच्या जिवावर नव्हे. आपल्या चिकित्सालयात अशा रुग्णांसाठी उपरोक्त सात प्रश्नांची नोंद उद्यापासून सुरू झाली आणि औषधालयात जुनी चिठ्ठी परत चालेनाशी झाली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

इत्यलम्.